पालथ्या दगडाचा वारस

मी, खाली सही करणारी, वय चौऱ्याहत्तर, धंदा दगडावर अक्षरे कोरण्याचा, राहणार कार्यशाळेमागच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या शब्दांत लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणणारे रोज येतात, पण त्यांचा जोर कमी पडतो. गुडघे कामातून गेले आहेत, उजवा कान हातोडीच्या आवाजाने केव्हाच बाद झाला आहे, बाकी सर्व जागेवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला लिहिण्यापूर्वी त्यांनी विचारले, "आजी, आज वार कोणता?" मी म्हटले, "तुमच्या सुट्टीचा. म्हणूनच तर जादा फी घेताय ना?" त्यांनी पुढचे काही न विचारता शिक्का मारला.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. गरज नव्हती. एकच लेक आहे, जे काही आहे ते आपोआप तिचे झाले असते. आता गरज का पडली ते कलम चारपासून कळेल. ज्यांना त्या कलमातच रस आहे त्यांनीही आधीची तीन वाचावीत. तेवढी शिस्त मी मेल्यावर तरी पाळावी.

कलम १. दोन्ही खोल्या, कार्यशाळेची शेड आणि मागची मोकळी जागा माझ्या लेकीला द्यावी. लेक टपाल कचेरीत खिडकीवर बसते. दिवसभर लोकांचे ऐकून घेण्याचा तिला पगार मिळतो आणि घरी आल्यावर तेच काम ती फुकट करते. शेडचा पत्रा गळतो. शेड विकायची असल्यास विकावी, मला वाईट वाटणार नाही. बँकेत जे असेल त्यातून माझ्या अंत्यविधीचा खर्च भागवून उरेल तेही तिचे.

कलम २. माझी हत्यारे. छिन्न्या, हातोड्या, गुण्या, ओळंबा आणि अक्षरे रेखायचे कुंचले गावातल्या कारागिरीच्या शाळेला द्यावेत. मात्र देण्याआधी मुलामुलींच्या हातात हातोडी देऊन पाहावी आणि जो घट्ट मूठ आवळून धरेल त्याला माझी धाकटी हातोडी देऊ नये. घट्ट धरणाऱ्याची अक्षरे घाबरलेली येतात.

ही हत्यारे मुळात माझ्या पतींची. अख्खे गाव त्यांना उस्ताद म्हणे. लग्न होऊन आले तेव्हा माझे अक्षर चांगले म्हणून दगडावर अक्षरे रेखायचे काम माझ्याकडे आले. मी कुंचल्याने रेखायचे, हे कोरायचे. दफनभूमीतल्या जुन्या भागातली निम्मी नावे आम्हा दोघांची आहेत. कोणाचे मूल गेलेले असले की हे कोरताना बोलत नसत, आणि दगड नेऊन उभा केल्यावर घरी येऊन लेकीला उगाचच मांडीवर घेऊन बसत. ती म्हणे, "बाबा, सोडा ना, अभ्यास आहे." हे गेले तेव्हा दगडावर यांचे नाव मीच रेखले आणि पहिल्यांदाच स्वतः कोरले. अठरा अक्षरे आणि दोन तारखा. आयुष्यात तेवढे सरळ काम मी पुन्हा केलेले नाही.

कलम ३. दगड वाहायची लोखंडी हातगाडी नळदुरुस्तीवाल्याला द्यावी. त्याने माझे एक काम केले, आणि त्यापायी माझ्या दिराच्या गल्लीतल्या सगळ्या घरांनी त्याला बोलावणे बंद केले. त्या गल्लीतले नळ आता गळत असतील. गळू देत.

कलम ४. आता नासधुशीबद्दल.

गेल्या वर्षी दफनभूमीच्या जुन्या भागातले नावांचे दगड नाहीसे झाले. काही मुळाशी मोडलेले, जमिनीत खुंट शिल्लक. काही अख्खे उपटून नेलेले. त्यात यांचाही. मी नेहमीसारखी फडके आणि पाण्याची बाटली घेऊन गेले, तर पुसायला काही नव्हते. मातीत एक लांबट चौकोनी खाच होती, आणि खाचेत कोणीतरी सिगारेट विझवली होती.

दफनभूमी समितीच्या अध्यक्षांनी पत्रक काढले की वादळात दगड पडले. वादळाने पडलेला दगड जागेवर पडतो, टेम्पोत चढून बसत नाही. हे मी समितीच्या बैठकीत म्हटले. अध्यक्ष म्हणाले, "ताई, भावना समजू शकतो." भावना समजू शकणाऱ्या माणसाला टेम्पो समजत नाही, हे मी तिथेच शिकले.

पुढे फारच आरडाओरडा झाला तेव्हा समितीने ठरवले की फाटकाशी मोठा दगडी फलक लावायचा. मजकूर असा: "या पवित्र स्थळी थडग्यांची अथवा नावाच्या दगडांची नासधूस करणाऱ्यास कायद्यानुसार एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही शिक्षा होतील." काम कोणाला द्यायचे? माझ्याकडे आले असते तर मी फुकट केले असते. पण समितीवर माझा दीर आहे, आणि दिराचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, दगडाचा ठेकेदार आहे. काम त्याला मिळाले.

म्हणजे ज्याने दगड चोरले त्यानेच ही शिक्षा कोरली. मन लावून कोरली असती तर मी काही म्हटले नसते. ओळी उतरत्या, "कैद" शब्द कडेला दाबलेला, "दंड" मात्र ऐसपैस. बिल दिले, पैसे घेतले, खाली कोपऱ्यात स्वतःच्या दुकानाचे नावही कोरले. आता त्याचे वकील कोर्टात सांगतात की आपल्या अशिलाला कायद्याची कल्पना नव्हती. न्यायाधीशबाईंनी एकदा फाटकापर्यंत यावे एवढीच माझी विनंती आहे.

कलम ५. चोरी कशी कळली ते लिहून ठेवते, कारण नातेवाईक आता "म्हातारीने कुभांड रचलं" असे बोलू लागले आहेत.

पुतण्याने नवे घर बांधले, दुमजली, बाहेरून झळाळते. जिन्याखाली पाणी मुरू लागले म्हणून नळवाल्याला बोलावले. त्याने मधली एक पायरी उचकटली. दगड उचलला आणि खाली चुन्या-सिमेंटच्या थरावर अक्षरे वर आलेली दिसली. उलटी, पण उठून दिसणारी. दगड पालथा घातला होता. कोरीव नावात ओला माल भरला, वाळला, आणि नाव त्यात ठशासारखे उमटले.

दगडाच्या धंद्यात दुसऱ्या दिवसापासून शिकवतात की कोरलेला दगड पालथा वापरायचा झाला तर आधी खाचा लांबीच्या लगद्याने बुजवायच्या. म्हणजे माल घट्ट धरतो आणि खाली काही उमटतही नाही. यांनी या पोराला तीन वर्षे शेजारी बसवून शिकवले होते. त्याला कधीच धीर नव्हता. अक्षर अर्धे झाले की म्हणायचा, "काका, एवढं पुरे ना? लांबून दिसतंय." चोरी करतानाही त्याला तेवढेच पुरले.

नळवाला संध्याकाळी माझ्याकडे आला. दारातूनच म्हणाला, "काकू, तुमच्या मालकांचं नाव पूर्ण काय?"

मी सांगितले. त्याने बोटाने हवेत उलटे लिहून पाहिले आणि खाली बसला. मी त्याला पाणी दिले. त्या वेळी दोघांपैकी पाण्याची गरज कोणाला जास्त होती ते सांगता येत नाही.

पोलीस आले. बाकीच्या पायऱ्या निघाल्या. पाठोपाठ न्हाणीघराचा उंबरा आणि ओट्याची एक बाजू. पुतण्या तिथेच उभा होता. त्याने मला जे सांगितले ते मी शब्दशः लिहिते: "काकू, दगड पडूनच होते. कोणी येत नाही, कोणी बघत नाही. आणि पालथेच घातलेत ना! नावावर कोणाचा पाय पडू दिलेला नाही."

हा त्याच्या मते आदर. काकाच्या डोक्यावरून रोज वर जायचे, पण तोंड खाली करून.

यांचा दगड आणि तो वाळलेला थर दोन्ही आता पोलीस ठाण्याच्या आवारात मोडक्या सायकलींच्या शेजारी आहेत, गळ्यात नंबराची चिठ्ठी बांधलेली. मी जाऊन पाहून आले. थरावरचे नाव इतके स्वच्छ उमटले आहे की मी रेखलेली अक्षरे मलाच पुन्हा आवडली.

कलम ६. कायद्याबद्दल माझ्या वकीलबाईंनी मला जे समजावले ते असे. मृतांच्या जागेचा अवमान केला तर वर लिहिलेली एक वर्षापर्यंतची शिक्षा. दगड चोरल्याची तीन वर्षांपर्यंत. म्हणजे कायद्याच्या तराजूत खाली झोपलेल्या माणसापेक्षा वरचा दगड तिप्पट जड. मी विचारले, "हे कोणी ठरवलं?" त्या म्हणाल्या, "काकू, जुना कायदा आहे." जुना आहे हे दिसतेच. जिवंत माणसांनी केलेला आहे हेही दिसते.

पुढचे महत्त्वाचे. दगडाच्या मालकाने लेखी तडजोड केली तर त्या दगडापुरता खटला मिटतो, दोन्ही गुन्ह्यांचा. मालक म्हणजे दगड बसवणारे कुटुंब. मालक मेला तर त्याचा वारस.

हे कळताच पुतण्याने घरोघर फेऱ्या सुरू केल्या. ज्यांचे दगड गेले त्यांना नवे दगड मोफत, वर चकाकी. एकेक जण सही करून मोकळा झाला. बेकरीवाला मला रस्त्यात म्हणाला, "ताई, नवा दगड जुन्यापेक्षा मोठा आहे हो. बायको जिवंतपणी म्हणायचीच, माझ्यासाठी काही मोठं आणत नाही." आणि हसला. मी हसले नाही. आता त्याच्या बेकरीतून पाव घेत नाही, त्याचे त्याला काही नाही, माझीच पायपीट वाढली आहे. निवृत्त मुख्याध्यापक सही करताना म्हणाले, "क्षमा हा मोठा गुण आहे." त्यांच्या वर्गात माझी लेक होती. पेन हरवले म्हणून त्यांनी तिला दिवसभर बाकावर उभे केले होते.

अशा रीतीने सगळे मिटले. राहिले ते माझे एकटीचे. मी हयात आहे तोवर खटला आहे.

कलम ७. माझ्या दिराला मी माझी घडीची खुर्ची देते. तो हल्ली रोज येऊन तिच्यावरच बसतो. पूर्वी वर्षात दोनदा येई. आता मी खोकले की विचारतो, "वहिनी, डॉक्टर काय म्हणाले?" आवाजात काळजी असते, पण ती कोणाची, ते मला ठाऊक आहे.

त्याचे म्हणणे मांडले नाही असे होऊ नये म्हणून मांडते.

"वहिनी, घरातली गोष्ट घरात मिटवू."

"भाऊजी, घरातच तर होती. तुमच्या जिन्यात."

"पोराचं आयुष्य बरबाद होईल हो. त्याची लहान लेकरं आहेत."

"लेकरांना सांगा, आजोबांच्या नावावरून उड्या मारत शाळेत गेलात."

"दादा असता तर माफ केलं असतं त्याने."

"ते असते तर दगडच नसता. मग तुमच्या मुलाने पायरीला काय वापरलं असतं?"

तो म्हणाला, "तुमचा स्वभाव पहिल्यापासून असाच." हे मात्र खरे आहे, आणि मृत्युपत्रात खरे लिहावे म्हणून नोंदवते.

पुतण्याला मी लांबीचा एक डबा देते, सीलबंद. पुढच्या वेळी आधी खाचा बुजवाव्यात.

अध्यक्षांना काही नाही. त्यांना भावना समजतात, तेवढ्यावर त्यांनी निभवावे.

~~कलम ८. माझ्या पतींचा नावाचा दगड, जो सध्या पोलीस ठाण्यात मुद्देमाल म्हणून जमा आहे, त्याची मालकी आणि त्यासंबंधीचे सर्व अधिकार मी माझ्या पश्चात सरकारला देते.~~

~~हे लेकीला खटकेल म्हणून कारण लिहिते. लेकीने मला गेल्या महिन्यात सांगितले, "आई, सोड ना आता. बाबांना काय फरक पडतो? ते थोडेच वाचायला येणार आहेत?" मी म्हटले, "त्यांच्यासाठी कोरलं नव्हतं. तू तिथे जाऊन बसायचीस म्हणून कोरलं होतं." तिचा स्वभाव मऊ आहे. काका रडला की ती रडते. मी गेल्यावर ते तिला खिडकीवर गाठतील, रांगेत उभे राहून, आणि रांगेतल्या माणसाला ती नाही म्हणू शकत नाही. नातीच्या नावे दगड करावा असेही मनात आले होते, कारण लहान मुलाच्या वतीने कोर्टाला विचारल्याशिवाय तडजोड होत नाही. पण मग त्या पोरीच्या गळ्यात सज्ञान होईपर्यंत तो दगड. ते मी करणार नाही.~~

~~वकीलबाई म्हणाल्या, "काकू, सरकार हा दगड ठेवणार कुठे?" मी म्हटले, आत्ता आहे तिथेच. सरकारला दीर नसतो. सरकार कोणाच्या रडण्याने विरघळत नाही, हे मी पाणीपट्टीच्या रांगेत पाहिले आहे.~~

वरील कलम ८ रद्द. ते का रद्द केले ते खाली.

मी ही प्रत पक्की करत असताना दुपारी लेक आली. टपाल कचेरीतून अर्धी रजा टाकून ती काकाकडे गेली होती, मला न सांगता. तडजोडीचे बोलायलाच गेली होती, हे तिने आल्या आल्या स्वतःच सांगितले. पर्स खांद्यावरच होती.

"मग? ठरलं का?" मी विचारले.

"वर गेलेच नाही."

"का? चहा दिला नाही?"

"काका म्हणाले, वर ये, चहा टाकलाय. त्यांचा मुलगा जिन्यात उभा होता. म्हणाला, 'ताई, आता सगळी नवी फरशी आहे, बिनधास्त ये.' मी चप्पल काढली. आणि पायच उचलेना गं."

मी हातातले पेन खाली ठेवले.

"मग मी त्याला विचारलं, बाबा कोणत्या पायरीवर होते?" तिचा आवाज एकदम लहानपणीसारखा झाला. "तर म्हणाला, 'कोणती तरी मधली असेल.' आई, कोणती तरी मधली! त्याला आठवतसुद्धा नाही. मी म्हटलं, आठव. तर हसायला लागला. म्हणे, 'ताई, इतक्या पायऱ्यांत कसं आठवणार?'"

"हसला?"

"हसला. आणि काका खाली बघत राहिले. मी चप्पल घातली आणि आले."

ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. चुकीच्या वेळी बोलण्यात मी पटाईत आहे, पण त्या वेळी जमले नाही. मग ती टेबलाशी आली, कागद वाचला, आणि कलम आठवर बोट ठेवले.

"हे खोड."

"सरकार बरं आहे गं. सरकारला कोणी रडवू शकत नाही."

"मलाही नाही. आजपासून."

"कोर्टात उभं राहावं लागेल. वकील घाणेरडे प्रश्न विचारतात. विचारतील, आईचं डोकं ठिकाणावर होतं का? विचारतील, तुम्ही थडग्यावर शेवटच्या कधी गेला होता?"

"विचारू देत," ती म्हणाली. "दिवसभर खिडकीवर लोकांच्या शिव्या खाते मी. हा एक जास्तीचा." आणि मग, "आई, ते बाबा माझे होते. सरकारचे नव्हते."

कलम ८ (नवे). माझ्या पतींचा नावाचा दगड आणि त्याचा ठसा उमटलेला थर, दोन्हींची मालकी व त्यांबाबतचे सर्व अधिकार माझ्या पश्चात माझ्या लेकीला मिळावेत. त्यात तडजोडीचा अधिकारही आला. त्यावर मी कोणतीही अट घालत नाही. वकीलबाईंनी अट लिहून आणली होती, चांगली घट्ट होती. मी ती परत केली.

निकाल काहीही लागो. एक वर्ष लागो, नुसता दंड लागो, किंवा साहेब सुटून बाहेर येऊन हारतुरे घेवोत. खटला संपला की दगड पोलिसांकडून सोडवून घ्यावा आणि मूळ जागी उभा करावा. बसवण्याचे काम पुतण्याच्या दुकानाला देऊ नये, त्याने फुकट करून दिले तरी.

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. त्यांची फी आधीच चुकती केली आहे. त्या नको म्हणाल्या, मी ऐकले नाही.

येथे लिहिलेले सर्व मी वाचले आहे, मला समजले आहे, आणि कोणाला ते आवडले नसेल तर तेही मला समजले आहे. खोडलेल्या मजकुराच्या प्रत्येक ओळीशेजारी माझी सही आहे. खाली लेकीचीही आहे. वकीलबाई म्हणाल्या की कायद्याला तिच्या सहीची गरज नाही. लेक म्हणाली, असू दे, आणि लग्नाआधीच्या नावाने, वडिलांचे नाव पूर्ण लिहून, सावकाश सही केली.

मृत्युपत्र करणारीची सही

आमच्या समक्ष, एकाच वेळी, बाईंनी वाचून सही केली:

साक्षीदार पहिला: चौकातला चष्मेवाला. (बाईंनी सही चष्म्याशिवाय केली. मी पाहिले.)

साक्षीदार दुसरी: प्राथमिक शाळेची निवृत्त शिपाईबाई.

ठिकाण: राहते घर, कार्यशाळेमागची पहिली खोली
दिनांक: नऊ ऑक्टोबर, खटल्याच्या पुढच्या तारखेच्या आदल्या दिवशी